पुन्हा विचारलं तर

“हे काय झालं गं?” सासूने विचारलं. सून तिचं अंग पुसून देत होती, आणि सासूच्या उजव्या मनगटावर चार काळीनिळी बोटं उमटलेली होती.

“पलंगाची दांडी लागली, आई,” सून म्हणाली आणि तिने फडकं पाण्यात पिळलं.

त्या बिचाऱ्या दांडीवर तीन दिवस आळ येत होता. म्हातारीला दहा मिनिटांपूर्वीचं आठवत नसे. अंग पुसताना, जेवताना, गोळ्या घेताना ती तोच प्रश्न विचारी, आणि सून तेच उत्तर देऊन वेळ मारून नेई.

आज मात्र दारात नणंद टॉवेल घेऊन उभी होती. रजा काढून ती कालच आईपाशी राहायला आली होती. सून पाणी ओतायला बाथरूममध्ये गेली तशी तीही मागोमाग गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

“वहिनी, दांडीला बोटं नसतात.”

सुनेने बादली खाली ठेवली. आता रडू फुटेल असं तिला वाटलं, पण काही झालं नाही. दात काढण्याआधी सुई दिलेल्या हिरडीसारखं आत सगळं बधिर होतं. तिने सरळ सांगून टाकलं. सोमवारी ती तिसऱ्यांदा चादर बदलत होती आणि सासू पलंगाच्या दांडीवरचा हात काढेना. तिने मनगट धरलं, आवळलं, आणि दुखतंय म्हटल्यावरही सोडलं नाही. चार वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. सेवा कशी करावी हे सांगताना चर्चचे पाळक उपदेशात तिचाच दाखला देत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती गप्प बसली. देवापुढे मात्र रोज गुडघे टेकून क्षमा मागत होती.

“देवाला सांगितलंस, बरं केलंस,” नणंद म्हणाली. “पण हात आईचा दुखला.”

“त्या दहा मिनिटांत विसरतील, ताई.”

“विसरू दे. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांग. मी इथेच बसते. चार वर्षं सगळं तुझ्या गळ्यात घालून मी मोकळी झाले, ते मलाही तिला सांगायचंय.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूने हात चादरीखाली ओढून घेतला. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. सुनेने नणंदेकडे पाहिलं, पण नणंद कपड्यांच्या घड्या घालत राहिली. सुनेने पुन्हा सांगितलं. या वेळी सासू चिडली आणि या बाईला घरातून काढा म्हणाली. जेवताना ती दोघींचंही ऐकून रडली. संध्याकाळी तिने लगेच क्षमा केली, सुनेच्या गालावरून हातसुद्धा फिरवला, आणि मग तेही विसरून गेली. सांगितलं की मन हलकं होईल असं सुनेला वाटलं होतं. कसलं काय! नवऱ्यालाही तिने त्याच दिवशी सांगितलं. तो गॅलरीत गेला, मग आत येऊन भांडी घासायला लागला.

रजा संपल्यावर नणंद परत गेली, पण रोज तिचा फोन येई. आज किती वेळा विचारलं? पाचदा. आणि किती वेळा सांगितलंस? चारदा. नणंद रागावली नाही. ती म्हणाली, रविवारी उपासना झाली की येते, दोघी मिळून अंग पुसू.

मनगटावरची बोटं पिवळी पडली आणि एका सकाळी दिसेनाशी झाली. त्या दिवशी सासूने काहीच विचारलं नाही. सून हातात ओलं फडकं घेऊन थांबली. आता कोणी विचारणार नव्हतं. नणंदेला फोनवर “आज विचारलंच नाही” म्हटलं असतं, तर ते खोटंही ठरलं नसतं.

“आई, तुमचं हे मनगट मी आवळलं होतं. माझं चुकलं.”

सासूने मनगट खिडकीच्या उजेडाकडे वळवून नीट पाहिलं.

“कुठे? इथे तर काही नाही,” ती म्हणाली, आणि पुसायला दुसराही हात पुढे केला.