ओळख पटली

"आधी तिचा हा जुना फोटो नीट बघून घे, आनंदी. पाच वर्षांत पोर बदललेली असणार," विमलाताई म्हणाल्या.

आनंदीने फोटो हातात घेतला नाही. "माझ्या चेडवाक ओळखूक माका फोटो कित्याक होयो?"

म्हापशाजवळच्या निवारागृहात, अधीक्षकबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. विमलाताई मालवणात बायकांसाठी मदत केंद्र चालवत. देवबागची आनंदी दर सोमवारी तिथे येई. बाजारात मासे विकून झाले की रिकामी पाटी दाराशी ठेवायची आणि एकच विचारायची, "बाईनू, गावला काय माझा चेडू?"

२००१ साली आनंदीची लेक संचिता चौदा वर्षांची होती. वास्कोला चांगल्या घरात काम आहे, असं सांगून ओळखीतल्याच एका बाईने तिला नेलं. महिन्याभराने आनंदी भेटायला गेली, तर त्या पत्त्यावर घरच नव्हतं. नवरा आधीच वारलेला. तिने एकटीने पोलीस ठाण्याच्या खेपा घातल्या आणि शेवटी केंद्राची पायरी चढली.

आता या निवारागृहाचं पत्र आलं होतं. धाडीत सोडवलेली एक मुलगी मालवणी बोलते, वय एकोणीस-वीस, ओळख पटवायला या.

अधीक्षकबाईंनी दोघींना आत बोलावलं आणि फाइल उघडली. "दोन वर्षं झाली तिला इथे. आधी आंबोलीकडचा एक पत्ता सांगितला होता. आम्ही माणूस पाठवला. त्या लोकांनी अशी मुलगी आमच्यात नाहीच म्हणून सांगितलं. तेव्हापासून तोंडाला कुलूप."

"घाबरून खोटे पत्ते देतात मुली," विमलाताई म्हणाल्या.

"असेल. पण नातेवाइकांखेरीज कुणाच्या ताब्यात देता येत नाही. कुणी आलं नाही, तर पुढच्या महिन्यात हिची रवानगी लांबच्या मोठ्या गृहात. तिथून मुली लवकर सुटत नाहीत."

मुलीला आणलं. उंच, काळपट, हाडं वर आलेली. ती दाराशीच उभी राहिली.

आनंदी अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली.

"रंग उतरतो हो, इतकं सोसल्यावर," विमलाताई अधीक्षकबाईंना म्हणाल्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

आनंदी म्हणाली, "तो फोटो देवा माका. आणि आमका वायच बोलूक देवा."

विमलाताई आणि अधीक्षकबाई बाहेर व्हरांड्यात आल्या. खिडकीच्या काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आनंदीने फोटो मुलीपुढे धरला. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग बोलू लागली. बोलतच राहिली.

"अहो, दोन वर्षांत ही चार वाक्यं बोलली नाही," अधीक्षकबाई म्हणाल्या.

आत आनंदीने तोंडावर पदर दाबला आणि ती भिंतीला टेकत खाली जमिनीवर बसली. मुलगी तिच्या शेजारी बसली.

अधीक्षकबाई आत जायला निघाल्या. विमलाताईंनी त्यांचा हात धरला. "रडू दे तिला. पाच वर्षांचं साचलंय."

अर्ध्या तासाने दार उघडलं. आनंदीने चेहरा पुसला होता.

"माझा आसा," ती म्हणाली. "घेवन जातंय."

अधीक्षकबाईंनी मुलीला विचारलं, "ही तुझी आई?"

मुलीने आनंदीकडे बघितलं. आनंदीने नजर खाली घेतली नाही.

"होय. माझी आये."

आनंदीने अंगठा उठवला. खाली साक्षीदार म्हणून विमलाताईंनी सही केली. आठ वर्षांत त्यांनी अकरा मुलींची घरं शोधून काढली होती. अकराही घरांनी दारं लावून घेतली होती. घरी जाणारी ही पहिलीच.

न्यायालयाचा हुकूम यायला बारा दिवस लागले. त्या दिवसांत आनंदी मासे घेऊन बाजारात आली नाही. घर सारवत असेल, लेकीसाठी तयारी करत असेल, असं विमलाताईंना वाटलं.

देवबागला रिक्षा पोचली तेव्हा दुपार कलली होती. वाटेत बायका सुकट उलथत होत्या. रिक्षा बघून त्यांची बोलणी थांबली. मुलगी उतरली तशा सगळ्या पाठमोऱ्या झाल्या. संचिताला अंगाखांद्यावर खेळवलेली शेजारची मथुरा, तिनेही मान वर केली नाही.

"घरात हाडलंस ता हाडलंस," ती सुकटीकडे बघतच म्हणाली. "आमच्या चेडवांत सोडू नको."

"नाय सोडूचंय," आनंदी म्हणाली.

विमलाताईंना राग आवरेना. पण आनंदीने मुलीचा हात धरून तिला आत नेलंसुद्धा. ताईंनी उभ्याउभ्याच चहा घेतला. "एक तरी घर निघालं बघ, आनंदी," त्या म्हणाल्या. डोळे पुसत रिक्षात बसल्या.

रिक्षाचा आवाज लांब गेला. आनंदीने दाराला कडी घातली. भात आणि बांगड्याची कढी वाढून ताट मुलीपुढे सारलं. मुलगी खाली मान घालून भराभर जेवली. आनंदीने आणखी भात वाढला, तोही तिने संपवला.

हात धुऊन मुलगी परत येऊन बसली. आनंदी तिच्याजवळ सरकली. त्या दिवशी निवारागृहात खिडकीबाहेर दोघी बघत उभ्या होत्या, म्हणून एक विचारायचं राहून गेलं होतं.

"आता सांग बाय," ती म्हणाली. "मरताना माझ्या संचितान माझा नाव काढल्यान काय गो?"