दोन ओघळ

"हे असलं काम आमच्याकडे होत नाही, मावशी." तिसऱ्या कुंभारानंही तुकडे रुमालात गुंडाळून परत दिले. "जोडला तरी जोड दिसणारच. आणि तंतोतंत तसाच पेला मागाल, तर तो कुणालाच जमायचा नाही."

सुमिएनं रुमाल पिशवीत ठेवला आणि ती बसथांब्याकडे वळली. सकाळच्या बसनं ती कामादानी या कुंभारांच्या गावात उतरली होती. भट्ट्यांच्या गल्ल्या चढून-उतरून दुपार झाली, हाती काही लागलं नव्हतं.

उद्या तिच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. दर वर्षी त्या दिवशी तिचा नवरा तेइजो कपाटातली लाकडी पेटी काढायचा, आतल्या पेल्यात साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायचा आणि दोघं त्या एकाच पेल्यातून प्यायची. मग ठरलेली गोष्ट. लग्नाआधी तो कामादानीला गेला, तीन दिवस भट्टीपाशी ठाण मांडून बसला, तेव्हा कुठे म्हातारा कुंभार पाघळला. "एवढा एकच बनवला, म्हणाला. पुन्हा होणे नाही!" राखाडी पेल्यावर झिलईचे दोन तपकिरी ओघळ होते, एक लांब, एक आखूड. "लांब तो मी, आखूड ती तू," तेइजो म्हणायचा. ती म्हणायची, "पुरे झालं."

परवा धूळ पुसताना तोच पेला तिच्या हातून निसटला. खळ्ळकन आवाज झाला. नशीब, तेइजोला कमी ऐकू येतं; पलीकडच्या खोलीत त्यानं वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. तिनं तुकडे लपवले आणि रिकाम्या पेटीला पुन्हा फडकं बांधून ती जागच्या जागी ठेवली. आज तो भल्या पहाटे मासे धरायला नदीवर गेला आणि ही तडक इकडे आली.

परतीच्या बसला तासभर अवकाश होता. थांब्यासमोर दुधाची टपरी होती, मागच्या उतारावर गाई चरत होत्या. घरी दूध कधी यायचंच नाही, तेइजोला ते अजिबात सोसत नसे. सुमिए बाकावर टेकली. कुणीतरी पिऊन ठेवलेले चार पेले तिथे ओळीनं पालथे घातले होते, ते तिनं कोपरानं बाजूला सारले.

"एक दूध द्या, बाई."

गार, घट्ट, किंचित गोडसर दूध. वरच्या ओठाला साय चिकटली. अहाहा! तिनं डोळे मिटूनच अर्धा पेला संपवला. डोळे उघडले आणि तिचा हात तसाच थांबला.

पेला राखाडी होता. त्यावर तपकिरी ओघळ होता.

"आवडला का? घेऊन जा की," टपरीवाली म्हणाली. "दुधाबरोबर पेला गिऱ्हाइकाचा. भट्टीतून वाकडातिकडा निघालेला माल आमच्याकडे येतो. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत आहे ही."

"म्हणजे किती वर्षं?"

"झाली असतील पन्नास."

सुमिएच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तीन दिवस भट्टीपाशी! म्हातारा कुंभार पाघळला! "थापाड्या मेला!" ती मोठ्यानं म्हणाली. ज्या पेल्यात तिनं चाळीस वर्षं साधं पाणी ओतलं नव्हतं, तो दुधाबरोबर फुकट मिळालेला!

रागाच्या भरात तिनं उरलेलं दूध एका घोटात संपवलं. पण इतकं चांगलं दूध पोटात गेल्यावर राग टिकेना. तिला हसूच फुटलं. पेलाभर दुधात बायको पटवली की पठ्ठ्यानं! आणि तीसुद्धा पटली.

"बाई, दोन ओघळांचा आहे का हो? एक लांब, एक आखूड?"

"निवडून मिळत नाही. हाताला येईल तो पेला. चांगले चांगले निवडून नेलेत, तर उरलेले काय मी डोक्यावर घेऊन नाचू?" ती बाकावरच्या चार पेल्यांकडे बघत पुटपुटली, "आज काय झालंय लोकांना कोण जाणे."

"मग अजून एक दूध द्या."

दुसऱ्या पेल्यावर तीन ओघळ निघाले. तिसऱ्यावर एकच, तोही नागमोडी.

"मावशी, पोट आहे की पिंप?"

"तुम्ही ओता हो."

चौथा पेला आला. एक लांब, एक आखूड. सुमिएनं तो शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, नळावर विसळला आणि छातीशी धरून बसमध्ये चढली.

घरी तेइजो आधीच येऊन पडला होता. चेहरा उतरलेला, हात पोटावर.

"मासे कुठायत?"

"मासे शहाणे झालेत हल्ली."

"जेवायला काय करू?"

"काही नको, बाई. नदीवरचा गार वारा पोटात शिरलाय." एवढं बोलून तो लगबगीनं उठला आणि संडासाकडे गेला. ती आल्यापासूनची ही तिसरी फेरी.

सुमिएला बरंच वाटलं. तिच्याही पोटात शिताला जागा नव्हती. आज ती फार खूश होती. थापाड्या तर थापाड्या, उद्या तो तीन दिवसांची कथा सांगेल आणि ती दर वर्षीसारखी कान देऊन ऐकेल. त्या पेल्याची खरी हकिगत आपल्याला कळलीय, हे ती त्याला मरेपर्यंत कळू देणार नव्हती.

कडी लागल्याचा आवाज आला. तिनं पिशवीतून पेला काढला, कपाटातली पेटी खाली घेतली, फडक्याची गाठ सोडली आणि झाकण उघडलं.

आत राखाडी पेला होता. एक ओघळ लांब, एक आखूड. तिनं तो उचलून नाकाशी नेला. दुधाचा वास येत होता.