कारणाचा रकाना

विहिरीतलं पाणी पहाटेपासून काठाच्या हातभर वर, गोळा होऊन अधांतरी तरंगत होतं, आणि तलाठी सुलभा तरकसे तासभर टॅबलेटवरच्या एका रकान्याशी झगडत होती. 'कारण'. तिनं 'माहीत नाही' लिहिलं की टॅबलेट ते पुसून टाकी. नव्या यंत्रणेला कारणाशिवाय पंचनामा चालत नसे आणि पंचनाम्याशिवाय विहीर खुली होत नसे.

"देवीचा कोप लिहा," पंच निवृत्तीअण्णा म्हणाले.

"चुंबकीय क्षेत्र," दुसरे पंच गायकर गुरुजींनी ठासून सांगितलं.

वैतागून तिनं दोन्ही लिहून पाहिलं. टॅबलेटनं दोन्ही बिनतक्रार घेतलं आणि विचारलं, 'प्रकरण निकाली काढू?' म्हणजे आता तपासायलाही कुणी येणार नव्हतं. तिनं चरफडत सगळं पुसलं.

विहिरीच्या मालकीण भागीरथीकाकू खाली मान घालून बसल्या होत्या. "बाई, तुम्ही तरी खरं सांगा. कशानं झालं हे?"

"मला माहीत नाही, काकू. इथं कुणालाच माहीत नाही."

काकूंनी सकाळपासून पहिल्यांदाच मान वर करून पाण्याकडे नीट पाहिलं.

"असं होय," त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मग जवळ जाऊन बघूया की."