बांध फोडायचा खेळ

"फुटला!" गौरेश ओरडला, आणि स्क्रीनवर पाळी गावचं देऊळ कळसापर्यंत बुडालं.

भाजी चिरता चिरता दिपाली बघत राहिली. नवऱ्याने हा गेम विकत घेतला तेव्हा ती चांगलीच भांडली होती. "महाग नाही गे, एकदा घेतला की जन्मभर पुरतो," असं तो म्हणाला होता. खोटं नव्हतं म्हणा. काहीही बांधा, काहीही फोडा, मन भरलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून! आधी तो त्यातले डोंगर, गुहा, नद्या हिंडला. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्याने आपलं गावच उभं केलं. घर, विहीर, आणि घराच्या डोक्यावरची बंद खाण. त्याच खाणीत तो मशीन चालवायचा, तिथला चढउतार त्याला पाठ. पंप थांबल्यापासून तिथला खड्डा पाण्याने तुडुंब भरलेला, आणि यंदाच्या पावसात ते पाणी अडवणारा खरोखरचा बांधही पाझरायला लागलेला.

"आता कुठून फोडलास?" दिपालीने विचारलं.

"वरच्या अंगाने. काल खालून फोडलेला. कुठूनही फोड, पाणी आधी आपल्याच दारात."

"मग खेळतोस कशाला ते मेलं! मांद्र्याला जाऊया. पाऊस सरेपर्यंत माझ्या आईकडे राहू. सुविधाचे कपडे भरून ठेवलेत मी. पोर लहान आहे रे."

"बाबांना येऊ दे. इथेच राहू का, म्हणून कौल लावायला गेलेत ना?"

हे एक या घराचं. छपराची कौलं बदलायची असोत की लग्न ठरवायचं असो, देवाला विचारल्याशिवाय पाऊल हलायचं नाही. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

तेवढ्यात तिचे सासरे कृष्णनाथ छत्री झटकत आत आले. चेहरा नुसता फुललेला.

"उजवी दिली देवाने! इथेच राहा म्हणाला. वाडवडिलांचं घर सोडून खंय जातलों रे आम्ही?"

गौरेशने सुस्कारा सोडला. चला, सुटलो एकदाचे! दिपालीने मात्र भाजी बाजूला सारली.

"बाबा, लगेच पडली उजवी?"

"लगेच कसली गे बाय!" म्हातारा खुशीत हसला. "भटजी दमले बिचारे. पहिली डावी. परत विचारलं, परत डावी. मी काय असा सोडतो! म्हटलं, देवा, नीट बघ. भटजी, लावा परत. सकाळपासून ठाण मांडून बसलो, तेव्हा कुठे पावला."

कृष्णनाथांनी दाराजवळची बॅग उघडली आणि नातीचे फ्रॉक एकेक करून कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात लावायला घेतले.