जॅकखालचा दगड

जॅक तिसऱ्यांदा मातीत रुतला तेव्हा चंद्रभानने त्याला लाथ घातली. लाथ त्यालाच लागली. चिंचेखाली बसलेले पाड्यावरचे लोक हसले नाहीत, पण मदतीला कोणी उठलंही नाही.

गाडी परदेशी होती, लाल, शर्यतीत पळणारी. बोईसरहून तारापूरच्या वीजकेंद्राकडे जाणारा रस्ता अजून कच्चा होता, आणि खडीच्या धारेने मागचा टायर उभा चिरला होता. चंद्रभानचा बाप तिथल्या कामाला सिमेंट पुरवायचा. बापाचं सिमेंट कुठे जातं ते बायकोला दाखवायला पोरगा निघाला होता. गाडी इतकी बसकी, की पाड्यावरच्या मंगळ्याने हळूच विचारलं, हिचं पोट घासत नाय का, आणि बायकांनी तोंडाला पदर लावला.

पाडा आज उठणार होता. जमीन वीजकेंद्राकडे गेली होती. कुडाच्या भिंती उतरवून झाल्या होत्या, बैलगाड्या भरून उभ्या होत्या, उद्या इथे यंत्रं फिरणार होती. अडलं होतं ते फक्त देवापाशी. चिंचेच्या बुडाशी बसलेला गावदेव, शेंदराने माखलेला चपटा दगड, बरोबर न्यायलाच हवा होता. आणि त्याला उचलायला कोणी धजत नव्हतं. देवाला जो जागचा हलवील त्याच्या घरात पुन्हा पाळणा हलायचा नाही, असं आजे-पणजे सांगून गेले होते.

भगत जिवल्याने ठकीकडे बोट केलं होतं. ठकीच्या लग्नाला कैक पावसाळे झाले, कूस कोरडीच. लग्नाच्या मांडवात तिला मागे बसवत, बाळंतिणीच्या दारातून परत फिरवत. पोटुशी बाई तिच्या हातचं पाणी पीत नसे. आता मात्र सगळ्यांना तीच हवी होती. तुझं काय जातंय, असं जिवल्याने विचारलं, बायकांनी विचारलं, सासूने तर उठता-बसता विचारलं. ठकी नाही म्हणाली. का, ते काही बोलली नाही. मग लोकांनीच ठरवून टाकलं, की बाई आडमुठी आहे, नाक वर करून बसलीय. झाडाला फळ नाही आणि तोरा आंब्याचा.

गाडीचं दार उघडलं. चंद्रभानची बायको, उषा, एक हात पोटावर आणि एक कमरेवर ठेवून कशीबशी उतरली. सातवा तरी असावा. सावलीला आली आणि जी जवळ होती तिच्याकडे पाणी मागितलं. जवळ ठकी होती. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. ठकीने तांब्या पुढे केला, तोही जरा बिचकतच. उषाने तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा पिऊन टाकला. मग ओल्या ओठांनी हसली.

तिकडे चंद्रभान ओरडत होता, की एवढी माणसं आहेत आणि एकाला धड दगड आणून देता येत नाही, म्हणूनच जन्मभर चिखलात लोळता. जॅकखाली घालायला काहीतरी सपाट, घट्ट हवं होतं. त्याची नजर चिंचेच्या बुडाशी गेली.

"हा चालेल," तो म्हणाला.

मंगळ्या बोलायला तोंड उघडणार, तोच जिवल्याने त्याचं मनगट दाबलं. म्हाताऱ्याचे डोळे चमकत होते. "उचलू दे," तो पुटपुटला. "आपली भुई नेली ना यांनी, आता देवाचा शापबी नेऊ दे."

कोणी उगाच बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी जमिनीकडे बघितलं. ठकी मात्र उठली.

"सायेब, तो देव हाय. हात नको लावू."

"देव आहे ना? मग धरू दे माझी गाडी," चंद्रभान म्हणाला, आणि दगडाला लागलेला शेंदूर रुमालाने पुसू लागला.

ठकीने त्याला खांद्याने बाजूला सारलं. तो आपल्या शर्टाकडे बघतच राहिला, जणू तिथे शेण लागलं होतं.

"ठके, बस खाली," जिवल्या खेकसला. "तो उचलतोय तर तुझं काय जातंय?"

"त्याच्या बायकोच्या पोटात काय हाय ते दिसत नाय तुला?" ठकी म्हणाली. मग थांबून, अगदी हळू, "आन् माझं जातंय, आजा. मी अजून वाट बघत होती."

ती वाकली. दगडाखालची माती सुटल्याचा बारीक आवाज झाला.

चंद्रभान म्हणाला: आता माझ्या जॅकखाली काय घालू? ठकीने मान वळवून नवऱ्याला, सुकाला, बैलगाडीतला आपला वाटायचा पाटा उतरवायला सांगितलं. पाट्यावर जॅक ठरला. फाटलेलं चाक निघालं, नवं बसलं. चंद्रभानने हात पुसले, उषाला आत बसवलं. जाता जाता तो तिला सांगत होता, की या लोकांना दगड आणि माणूस यातला फरक कळत नाही. मग धूळ उठली आणि बसली.

जिवल्या खूश होता. काम झालं होतं आणि ज्या हाताने व्हायला हवं होतं त्याच हाताने झालं होतं. त्याने पुढच्या बैलगाडीत पेंढा पसरला, वर आपलं घोंगडं अंथरलं आणि देव इथे ठेव म्हणून सांगितलं.

ठकीने दगड कडेवर घेतला होता. एक हात त्याच्या खाली, एक पाठीशी. पोलक्याला शेंदूर लागत होता.

"गाडीत नको," ती म्हणाली. "हिंदकळंल तो."