चौथा ब्रश

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला आम्ही तिघेच आलो होतो, तरी रोज सकाळी बेसिनवरच्या पेल्यातला चौथा टूथब्रश ओला असे.

तो माझ्या पत्नीचा होता. ती जूनमध्ये वारली. सहलीच्या सामानाची तिने केलेली यादी बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. आठ वर्षांच्या ऋजुताने ती वाचून बॅग भरली, आणि यादीत चार ब्रश होते.

हवा दमट असावी, असे मी मानले. पडताळा म्हणून माझा कोरडा ब्रश रात्रभर त्याच्या शेजारी ठेवला. तो कोरडाच राहिला.

चौथ्या सकाळी मी लवकर उठलो. ऋजुता तो ब्रश नळाखाली धरत होती. मागोमाग चार वर्षांचा ओजस डोळे चोळत आला.

"ताई, आई आलेली?"

"आली नि परत दवाखान्यात गेली. किती हाका मारल्या तुला, कुंभकर्णा! बघ, ब्रश ओला आहे."

ओजसने बोट लावून पाहिले. "आज मी झोपणारच नाही."

कारण हवेत नव्हते. आई कधी येणार, असे ओजस जूनपासून विचारत होता, आणि दिवाळीच्या सुट्टीत, असे मी त्याला सांगत आलो होतो.