आधी चाचणी
कोविडची लाट ओसरली, तरी दाढ काढण्याआधी प्रत्येकाची चाचणी करायचीच, असं पापडी गावच्या दातांच्या डॉक्टर हेमांगीनं ठरवलं. तिची मदतनीस पिंकी दिवसभर पेशंटच्या उघड्या तोंडाशी उभी असायची आणि घरी पिंकीच्या आईची केमोथेरपी चालू होती. एके सकाळी सुजलेला गाल धरून हेमांगीचे सासरेच आले. "सुनेच्या दवाखान्यात मला कसली चाचणी?" काशिनाथराव कडाडले. हेमांगी बधली नाही. "बाबा, घरी मी सून. इथे तुम्ही पेशंट." "मग दुसरीकडे जातो!" "मी सोडून येते. इथे चाचणीशिवाय दाढ निघणार नाही." दारापर्यंत गेलेले काशिनाथराव कण्हत परतले आणि रागानंच त्यांनी नाक पुढे केलं. चाचणीत काहीच निघालं नाही. "बघ! उगाच छळलंस." "पुढच्या दाढेलाही छळणार, बाबा." इतका वेळ बाहेर घुटमळणारी पिंकी आत आली आणि तिनं खुर्चीवरचा दिवा लावला.